डावीकडून तिसरा

टीव्हीवरचं भूत जितकं भिकार, तितक्या आमच्या घरमालकीणबाई खूश. चेष्टा नाही, खरंच सांगते. धूर नीट जमलाय, चेटकीण हवेत तरंगताना तिच्या केसांवर शिस्तीत चांदणं पडलंय, असं काही दिसलं की काकी तोंड वाकडं करायच्या. "काय नाय त्यात," म्हणून आवाज बंद करून टाकायच्या. आणि एखाद्या सिरियलीत भूत म्हणजे नुसता अर्धवट पुसलेला माणूस, कडेला मागच्या हिरव्या पडद्याची किनार तशीच राहिलेली, पाय जमिनीच्या चार बोटं वर, असं काही आलं की पदर खोचून पुढे सरकायच्या. आता माझं पोटच भुतं करण्यावर चालतं. माझा जीव किती जळायचा ते विचारू नका.

उल्हासनगरला कॅम्प पाचात, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या माळ्यावर आमचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ आपलं म्हणायचं. दाटीवाटीनं मांडलेले कंप्युटर, मनाला येईल तेव्हा चालणारा एसी आणि खालच्या शिलाई मशिनींची दिवसभर पायाखाली घरघर. हिंदी-मराठी सिरियलींत जे काही अमानवी दिसतं, त्यातलं बरंच आमच्याकडून जातं. सुनेच्या डोळ्यांत आग लावणं, मेलेल्या सासऱ्याला भिंतीतून आरपार काढणं, आरशातून हात बाहेर आणणं. मी मूळची बार्शीकडची. आईला अजून वाटतं मी कंप्युटरवर काहीतरी टायपिंग करते, आणि मीही तिचा गैरसमज दूर करायला जात नाही.

बदलापूरला हेंद्रेपाड्यात खोली बघायला गेले तेव्हा काकी ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. आजूबाजूला बिल्डिंगा उठल्या होत्या, आणि मध्ये त्यांचं ते जुनं बैठं घर, वर एक खोली काढलेलं. मी नाव-गाव सांगितलं. नोकरी कसली विचारल्यावर खरं तेच सांगितलं, टीव्हीतली भुतं करते. एरवी इथवर आलं की घरमालकांना एकदम आठवतं की खोली भाचीसाठी ठेवलीय. काकींनी सूप बाजूला ठेवलं.

"गर्दीची पन करतंस?"

"कसली गर्दी?"

"भुतांची गो. लय भुतं एकदम येतात ती."

"करते की."

"मग कवा येतंस राहायला?"

मी आपली मनात म्हटलं, बाई जरा सटकलेली दिसते, पण खोली हवेशीर आहे.

माझी शिफ्ट संध्याकाळची, म्हणून दुपारी मी घरी. त्या दुपारी अजून माझ्या स्वप्नात येतात. खालच्या खिडकीला काकींनी आपलं एक जुनं हिरवं लुगडं बांधलं होतं. ऊन त्यातून गाळून यायचं आणि सगळी खोली हिरवी व्हायची. भिंती, टीव्ही, सुपातली सुकट, काकींचे हात, सगळं. आमच्या धंद्यात हिरव्या पडद्यापुढे माणूस उभा केला की मागून त्याला हवं तिथे नेता येतं. डोंगरावर, ढगांत, पाताळात. दुपारच्या गुंगीत मला वाटायचं, काकींना आत्ता इथून अलगद उचललं तर त्यांना कळणारही नाही. बाहेर कुठेतरी बांधकामाचं ठकठक चालायचं, पंखा कुरकुरायचा, आणि मी भिंतीला टेकून पेंगत दोनला लागणाऱ्या भुताच्या सिरियलीचा जुना भाग बघायची. सुकटीच्या वासानं मला सुरुवातीला मळमळायचं. पुढे पुढे तर त्या वासाशिवाय भुताचा सीन मला अळणी वाटायला लागला.

काकी पलंगावर बसायच्या नाहीत. टीव्हीच्या अगदी समोर, जरा डावीकडे पाट घेऊन बसायच्या. आधी पदरानं काच पुसायच्या. सुकटीची डोकी मोडायचं काम हात आपोआप करायचे, डोळे पडद्यावर. सुनेनं किती छळ सोसला, सासूनं दुधात काय कालवलं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. कोण कोणाची कोण, तेही ठाऊक नसायचं.

पहिल्या आठवड्यातच कळलं. सून विहिरीत डोकावली, संगीत चढलं, आणि विहिरीतून आत्म्यांचा घोळका वर आला. पांढऱ्या शाली, पुढे केलेले हात, निळा उजेड. काकींचे हात थांबले.

"लागली ड्युटी," त्या म्हणाल्या. "बग. डावीकडून तिसरा. पोरीचा बापूस."

मी बघितलं. एक किडकिडीत माणूस, खांदा एका बाजूला पडलेला, आमच्याकडे चालत येत होता. पाच-सहा सेकंद. मग सूनबाई किंचाळली आणि जाहिरात लागली.

पोरीचा बापूस म्हणजे काकींचे मिस्टर! माझी झोप पार उडाली. कारण ती गर्दी मला पाठ होती. मी लागण्याच्या कितीतरी आधी आमच्या सेठनी अंबरनाथला एका हॉलमध्ये हिरवं कापड लावून दहा-पंधरा ज्युनिअर आर्टिस्टना शाली पांघरल्या होत्या आणि कॅमेऱ्याकडे चालायला लावलं होतं. बस, त्या एका दिवसाच्या भांडवलावर आमचा स्टुडिओ इतकी वर्षं चालला होता. विहिरीतली गर्दी तीच, स्मशानातली तीच, हवेलीच्या गच्चीवरची तीच. कधी निळी करायची, कधी उलटी फिरवायची, वर धुकं सोडायचं की झाले नवे आत्मे. मी स्वतः त्या माणसाला किती सिरियलींत पेरला असेन देव जाणे. अहो, मी त्याला नावही ठेवलं होतं, वाकडा खांदा. काकींना ते कधी सांगितलं नाही.

काकांची गोष्ट मग मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेली. अंबरनाथला ते ज्या कारखान्यात होते तो बंद पडला. पोतीही वाहिली काही दिवस, त्यात खांदा गेला. मग पाड्यातल्या एकानं शूटिंगच्या गर्दीत नेलं. सकाळी गाडी यायची, माणसं भरून न्यायची. कधी वरात, कधी बाजार, कधी कोर्टातली माणसं. घरी येऊन काका सांगायचे, आज मी वरातीत होतो, अमुक दिवशी लागणार आहे. त्या दिवशी पाड्यातली सगळी काकींच्या घरात गोळा. वरात यायची, घोडा दिसायचा, हिरो दिसायचा. काका कुठेच नाहीत.

"घोड्याच्या मागं होतो गो, तो सांगायचा. सगली हसायची. दर टायमाला कशाच्या तरी मागं. झाडाच्या मागं, खांबाच्या मागं. मी बोलले, तू खोटारडा हायस. कुटंतरी पत्ते कुटीत बसतंस आन मना शूटिंगचं सांगतंस." काकी सुकटीकडे बघत सांगत होत्या. "पाड्यात त्याला शूटिंगवाला बोलायची. चिडवायची. मी पन चिडवला. लय चिडवला."

काका छातीत दुखण्याचं निमित्त होऊन गेले. तेव्हाही पाड्यातल्या कोणी त्यांना टीव्हीवर बघितलं नव्हतं. त्यांचे दिवस झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, एका दुपारी लेकीनं आईचं मन रमावं म्हणून टीव्ही लावला आणि ती भांडी घासायला मागे गेली. काकी एकट्या होत्या. आणि काका आले. कशाच्याही मागे नव्हते. सरळ समोरून, दोन्ही हात पुढे करून.

"मी त्याला जन्मभर खोटा बोलले," काकी म्हणाल्या, "आन त्यो आला."

त्या दिवसापासून काकींनी भुताटकीची एकही सिरियल सोडली नाही. लेक टिटवाळ्याला दिलेली. ती फोनवर मला हळूच विचारायची, "ताई, आई बरीय ना हो? डॉक्टरला दाखवू का?" मी म्हणायची, दाखवण्यासारखं काही नाही. लेकीला ते पटायचं नाही. भिंतीवर वडिलांचा मोठा फोटो आहे, त्याच्यासमोर बसावं, असं तिचं म्हणणं. पण तो फोटो रेशनकार्डावरच्या चिमुकल्या फोटोवरून मोठा केलेला. फोटोवाल्यानं आपलं डोकं चालवून काकांच्या अंगावर कोट चढवला होता आणि खांदे सरळ करून दिले होते. काकी त्याला हार घालायच्या, पण हे कोण साहेब बसलेत तसं त्याच्याकडे बघायच्या.

काकांना भुतांच्या पुस्तकांचा भारी नाद होता. अंबरनाथच्या एका वाचनालयातून आणायचे, पिवळ्या पानांची, आधीच्या वाचकांनी हळदीचे हात लावलेली. काकींना वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचायचे. वाचताना गावांची नावं बदलायचे. पुस्तकात कुठलातरी घाट असेल तर काका वाचायचे, बारवी धरणाचा रस्ता. काकींचं माहेर त्याच बाजूचं. मग भांडण.

"मी बोलायचे, बंद कर. आमच्याकडं असली भुतं नायत. आमच्याकडचं भूत शेताच्या बांधावर बसतं, तंबाखू मागतं. द्यायची न् निघायचं."

"पण पाय उलटे असतात का नाही काकी?" मी विचारलं. मला धंद्यासाठी हवं होतं.

"कोन बगतंय पायाकडं? तंबाखू मागनाऱ्याच्या पायाकडं बगतात काय?"

त्यांच्या मते पुस्तकातलं भूत सगळ्यात सरस, कारण ते दिसत नाही आणि काका वाचायला बाजूला असायचे. त्याच्या खालोखाल भिकार सिरियलीतलं. आणि सगळ्यात टाकाऊ म्हणजे आमच्या धंद्यात ज्याला क्वालिटी म्हणतात ते. "चांगला केला की मानूस दिसत नाय," हे त्या मला इतक्या वेळा बोलल्या की मी चिडायची. मी म्हणायची, काकी, तुम्ही प्रेक्षक आहात की आमच्या धंद्याच्या वैरी?

पण नजर मात्र होती हं. गर्दी उलटी फिरवलेली असली की स्टुडिओत माझा फोन वाजायचा. "आज उजव्या हाताला का घातलास? खांदा दुसऱ्या अंगाला गेलाय त्याचा." मी सांगायची, काकी, हा सीन मी नाही केला, शेजारच्या टेबलावरच्या पोरानं केलाय. "त्याला सांग, मानसाला असा उलटा करायचा नसतो." एकदा फारच निळा केला तर, "थंडी वाजतेय गो त्याला." कधी फसायच्याही. एकदा एका धुक्यात बापूस दिसला म्हणून हटून बसल्या. ते धुकं मीच केलं होतं आणि त्यात काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. मी शपथा घेतल्या. "तुना नसंल दिसला," एवढंच म्हणाल्या. वर मला ते धुकं परत बघावंसं वाटलं, आणि मी बघितलंही. कोणी नव्हतं.

पाड्यात मग व्हायची ती बोंब झालीच. काकींचा मेलेला नवरा रोज दुपारी घरी येतो. कोणा शहाण्यानं बारवीच्या बाजूचा एक भगत बोलावून आणला. तो लिंबू-नारळ घेऊन दीड वाजताच हजर. मी जिन्यावर बसून ऐकत होते.

"कवा येतो?" भगतानं विचारलं.

"दोन वाजता. जाहिराती झाल्या का."

"कुठून येतो?"

काकींनी टीव्हीकडे बोट केलं.

"काय बोलतो?"

"बोलत नाय. म्युझिक असतंय."

भगत जरा गडबडला. लिंबू हातात तसंच धरून तो खाली बसला, अख्खा भाग बघितला, वर चहा-बटर खाल्लं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. मला वाटलं आता काही मोठा विधी करतो. तर तो दारातूनच विचारतोय, त्या सुनेचं पुढं काय झालं? त्यानंतर तो अधूनमधून यायचाच. काकींना सोबत झाली.

आणि मग कुठल्याशा पोरानं तो व्हिडिओ काढला. पाच वेगवेगळ्या सिरियलींतले सीन त्यानं शेजारी शेजारी लावले. पाचही ठिकाणी आमचीच गर्दी. एकेका भुताभोवती लाल गोल काढला, वर नाटकी आवाजात बोलला, की बघा, भारतात भुतांचीही भरती बंद आहे, जुन्या स्टाफवर काम चालू आहे. सगळ्यात मोठा लाल गोल डावीकडून तिसऱ्याभोवती. व्हिडिओ जो सुटला तो सुटलाच. स्टुडिओत आम्ही माना खाली घालून बसलो. चहावाल्यानंसुद्धा मला तो दाखवला.

त्या रात्री लवकर सुटून घरी आले तर वेगळीच तऱ्हा. काकींचं घर माणसांनी भरलेलं. जो तो मोबाईल पुढे करतोय, "काकी, बगा, बगा, बापूसच हाय!" म्हातारे-कोतारे, शाळेतली पोरं, समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका. ज्यांनी शूटिंगवाला म्हणून चिडवलं होतं ते सगळे. एक आजोबा तर दारातच हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आम्ही त्याला उगाच हसलो." काकींनी जिलेबी मागवली होती. मला बघून त्यांनी माझ्या तोंडात एक कोंबली. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "बगितलंस? सगल्या जगानं बगितला!" पण मला पुढचं दिसत होतं.

तसंच झालं. दोन दिवसांनी सेठनी सगळ्यांना बोलावलं. सेठ सिंधी, कॅम्प पाचातच जन्मलेले, मनानं मऊ, तोंडानं फाटके. "इज्जत गयी ना साईं! मेरा साला फोन करके पूछता है, तेरे भूत रिटायर कब होंगे?" चॅनेलचा निरोप आला होता. जुनी गर्दी बंद, एकही जुना चेहरा दिसता कामा नये. सगळे नवे आत्मे कंप्युटरवर घडवायचे, एकदम टॉप. दुपारी जुने भाग दाखवतात तेही बदलणार. आणि काम माझ्याकडे, कारण कापडाच्या चुण्या आणि धूर माझा बरा.

मी सेठना गाठलं. म्हटलं, सगळे काढा, एक माणूस राहू द्या. मागे ठेवते, धुक्यात ठेवते, कोणाला कळणार नाही.

"कोण आहे तो? तुझा कोण लागतो?"

"माझ्या घरमालकिणीचे मिस्टर. गेले ते."

सेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बेटा, तेच तर बघणार ना ते लोक. सगळ्यात मोठा गोल त्यालाच आहे. दिसला तर एपिसोड परत, काम परत, माझ्या हाताखालच्या बारा पोरांचं काय करू मी?" उठले, लोखंडी कपाट उघडलं, आत हात घालून एक जुनी हार्डडिस्क काढली आणि शर्टाच्या बाहीनं पुसली. "कच्चा माल यात आहे. त्या दिवसाचा पूरा. घेऊन जा. त्यांना दाखव."

मी तीन-चार दिवस काकींना सांगायचं टाळलं. पण लपणार कसं? शेवटी दुपारी त्यांच्या पाटाशेजारी बसून सांगितलं, की काकी, आता काकांची ड्युटी बंद होणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"काय चुकला त्यो?"

"चुकले काहीच नाहीत हो. जुनं झालं म्हणतात."

लेक दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याहून धावत आली. म्हणाली, आई, त्यात काय एवढं, मोबाईलवर जुने भाग आहेत, मी लावून देते, हवं तेव्हा बघ. काकींनी मान हलवली. "मोबाईलवर मी त्याला आनायचा. मना त्यो यायला पायजे." लेक माझ्याकडे बघायला लागली. मला कळलं होतं, पण तिला समजावून सांगता येईना.

मी लॅपटॉप खाली आणला. हिरव्या खोलीत हिरवा पडदा उघडला. त्यावर माणसं शाली सावरत उभी. ना निळा रंग, ना धूर, ना संगीत. कोणीतरी ओरडलं, चला. माणसं हात पुढे करून चालत आली. डावीकडून तिसरे काका. ठणठणीत, आरपार न दिसणारे. गाल बसलेले, दाढी वाढलेली. मग कोणीतरी ओरडलं, कट, आणि सगळे सैल झाले. सिरियलीत इथवर कधी कोणी येत नाही. काकांनी शाल काढली, झटकली, नीट चौघडी घातली, कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि काखेत धरली. वडापाव वाटायला आले. काकांनी अर्धा खाल्ला. उरलेला कागदात गुंडाळला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शर्टाच्या खिशात ठेवला. चित्र तिथे संपलं.

"तो माझा," काकी म्हणाल्या.

"काय काकी?"

"रोज आनायचा. अर्धा. थंड झालेला. मी बोलायचे, शूटिंगमध्ये कुटं वडे देतात, नाक्यावरून घेऊन येतंस न् शूटिंगचा सांगतंस." त्यांचा आवाज फुटला. "खाऊन टाकायचा होता रं सगला. उपाशी मेलास."

लेकीनं आईला जवळ घेतलं. मीही रडले, लपवायचं काय त्यात. मग काकींनी पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावायला गेले तर माझा हात धरला.

"बस झाला. ने वर."

"पेनड्राइव्हमध्ये देते काकी. तुमच्या टीव्हीला लागेल. रोज बघा."

"नको. रोज बगीन, मग त्याचा पन तसाच होईल." त्यांनी भिंतीकडे, कोटातल्या साहेबांकडे हनुवटी उचलली. "तुज्याकडं असू दे. तुज्याकडं हाय, एवढं मना ठाव हाय, बस."

तो अजून माझ्याकडेच आहे. आता मी अंबरनाथला राहते, लॅपटॉप दोनदा बदलला, पण तेवढा भाग जपून एकीकडून दुसरीकडे नेते.

नवी गर्दी करायला मला दीड महिना लागला. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी कधी झालं नव्हतं. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. कोणी म्हातारा, कोणी तरुण, एक बाई कडेवर पोर घेतलेली. शालींचं सूत न् सूत हलत होतं. धूर त्यांच्या अंगातून जाताना जरा अडखळायचा आणि मग पुढे सरकायचा. हिरवी किनार औषधालाही नाही. चॅनेलनं कौतुकाचा मेसेज पाठवला, सेठनी सगळ्यांना समोसे खिलवले. मी मात्र घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ज्या दिवशी तो भाग लागणार होता, त्या दुपारी मी काकींना बाजारात न्यायचं ठरवलं होतं. पण खाली आले तर काच पुसून झालेली, पाट मांडलेला, सूप मांडीवर.

"काकी, आज नको ना बघायला."

"तू केलंस ना ह्ये?"

"हो."

"मग बगायला नको?"

मी त्यांच्याजवळ बसले. सून स्मशानात आली. संगीत चढलं. धुक्यातून माझे आत्मे एकेक करून उभे राहिले आणि चालू लागले. काकींची नजर सवयीनं डावीकडे गेली. तिसऱ्या जागी एक तरुण होता, मी फार मन लावून केलेला, डोळ्यांत पाणी असलेला. काकी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग चौथ्याकडे, मग त्या पोर घेतलेल्या बाईकडे, एकेकाकडे, अगदी उजव्या टोकापर्यंत. जाहिरात लागली.

"चांगलं केलंस गो," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच म्हणाल्या. "कोन हायत हे?"

"कोणीच नाहीत काकी. कंप्युटरवरचे आहेत. हे कधी नव्हतेच."

"म्हंजे ह्यांचं घरी कोनी नाय?"

"नाही."

"ती पोरवाली बाय, तिचं पन?"

"तिचंही नाही. कोणाचंच नाही."

पंखा कुरकुरत होता. मी रिमोट उचलला, म्हटलं, बंद करू का? काकींनी तो माझ्या हातातून काढून घेतला, पाट थोडा सरकवून बरोबर मधोमध आणला आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"नको," त्या म्हणाल्या. "ह्यांना मी बगते."